शब्बाथला चालणारं पुस्तक

ब्रेनास्ता, लुइस बेट, स्कॉटलंड
१४ मार्च १९९१

प्रिय बेहाग,

आधी बसून घे. पाठीला भिंत असेल अशा जागी बस. बसलीस? तर ऐक. तुझ्या या मावसबहिणीने अख्ख्या संडे स्कूलला देवाच्या नावाखाली पऱ्यांचं पुस्तक वाटलं आहे. तेही पाळकसाहेबांच्या हस्ते, प्रार्थनेसकट.

झालं असं. बक्षिसाची पुस्तकं दर वर्षी मीच मागवते. आणि दर वर्षी तेच रडगाणं, गेलिकमध्ये पोरांसाठी कोणी काही छापतच नाही. मग त्याच त्या मिशनऱ्यांच्या चरित्रांना नवं वेष्टन घालून आम्ही वेळ मारून नेतो. यंदा यादीत बघते तर चक्क नवं पुस्तक, 'प्रिउन्सा ना शीहे'. आता तूच सांग, हे शब्द वाचून भल्या माणसाच्या मनात काय येईल? यशया संदेष्टा! शांतीचा अधिपती! यादीत पुढे काय लिहिलंय ते मी वाचलंसुद्धा नाही, चष्मा स्वयंपाकघरात होता. सगळ्या पोरांना पुरतील एवढ्या प्रती मागवून मोकळी झाले.

आपल्या भाषेलाही कोणीतरी चार शब्द सुनवायला हवेत. प्रिउन्सा म्हणजे अधिपती आणि राजपुत्रही, ते सोड; पण शीह म्हणजे शांती, आणि टेकडीच्या पोटात राहून दूध नासवणारी, पोरं पळवणारी ती जी पऱ्यांची माणसं, तीही शीहच. एवढी मोठी भाषा, आणि यांना दुसरा शब्द मिळाला नाही!

पाळकसाहेब तू पाहिलेले नाहीस. तरुण आहेत, इन्व्हरनेसचे. गेलिक पुस्तकातून शिकलेत, त्यामुळे चहा मागतानाही स्तोत्र म्हटल्यासारखे बोलतात. एकेका पोराच्या हातात प्रत देऊन म्हणत होते, "हा अधिपती तुझ्या घरी सदैव वास करो." आणि मी शेजारी उभी, पावन झाल्यासारखी.

मग उजाडला रविवार, आपला शब्बाथ. त्या दिवशी आपल्याकडे गोष्टीच्या पुस्तकाला हात लावायचा नसतो. पण हे तर संडे स्कूलचं बक्षीस! पोरं जेवून वाचायला बसली ती उठेचनात. एवढा शांत शब्बाथ गावात कोणाला आठवत नाही. सोमवारी आयांनी मला रस्त्यात गाठून माझे आभार मानले. आणि मी ते घेतले, बेहाग! मान डोलावून घेतले!

मंगळवारी दारात तोर्किल. आठवतो ना? आता तो चर्चच्या पंचांमधला सगळ्यात जुना. चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी तोच गाऊन देतो आणि मागून आम्ही सगळे म्हणतो. त्याच्या नातवाने जेवताना त्याला विचारलं होतं, "आजोबा, आपले पाळकसाहेब टेकडीत नाचायला कधी जाणार?" झालं. त्या पुस्तकात म्हणे एक पाळक टेकडीत शिरतो, एक नाच म्हणून वर्षभर नाचतो, आणि टेकडीचा तो राजपुत्र त्याची विजार घालून गावभर हिंडतो. वर हे तेच पुस्तक निघालं, ज्याच्या इंग्रजी आवृत्तीवरून खाली इंग्लंडात केवढी बोंबाबोंब झाली होती. पोरांना जादूटोणा शिकवतं, धर्माची टर उडवतं, म्हणून शाळांच्या कपाटांतून काढलं होतं. तोर्किलने ते कात्रण जपून ठेवलंय. असली कात्रणं तो जपतोच.

हुकूम असा आहे. मी सगळ्या प्रती गोळा करायच्या, आणि पंचांच्या सभेत उभं राहून त्या पुस्तकाचा धिक्कार करायचा. नाहीतर संडे स्कूल तोर्किलच्या बायकोकडे, कर्स्टाककडे जाणार. कर्स्टाक पोरांना स्तोत्रं शिकवते ती कुत्र्याला दटावल्यासारखी. आणि खरं सांगू? मला ना पोर ना नातवंड. ती रविवारची पोरं गेली तर माझ्या आठवड्यात शिल्लक काय राहतं?

धिक्कार करून टाकते झालं. तुला काय वाटतं?

तुझी,
ओयरिक


ग्लासगो
१९ मार्च

अगं ओयरिक,

तुझं पत्र मी बसमध्ये उघडलं ही माझी चूक. "आणि मी ते घेतले!" इथवर आले आणि मला जे हसू फुटलं, ते समोरच्या बाईने मला पेपरमिंट दिलं. तिला वाटलं मला झटका आलाय.

आता एकच प्रश्न, आणि खरं उत्तर दे. तू ते पुस्तक वाचलंस का?

नाहीच वाचलंस. तुझ्या पत्रात 'म्हणे' आहे. तोर्किलनेही पाळकाच्या विजारीपाशीच मिटलं असणार. मेंढी घेताना आपण तिचे दात बघतो, खूर बघतो, लोकरीत हात घालून बघतो. बाजारात कोणी म्हणालं म्हणून तिला हाकलून देत नाही. मग पुस्तकाने काय घोडं मारलंय? धिक्कार करायचा तर खुशाल कर, पण आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच, तोंड वाकडं न करता. आणि उभ्याने नाही, बसून. उभ्याने वाचणारा माणूस भांडायला निघालेला असतो.

त्या इंग्लंडातल्या बोंबाबोंबीचं मला नको सांगूस. ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते उघडलं नव्हतं. ज्यांनी उघडलं ते नंतर गप्प बसले. आणि ज्या बाईने एवढ्या कष्टाने ते आपल्या भाषेत आणलं, तिची बाजू कोणी ऐकायची की नाही? आपल्या पोरांना शब्बाथच्या दिवशी तिने चिडीचूप बसवलं. तोर्किलच्या स्तोत्रांना हे कधी जमलं होतं?

बाकी मजेत. जुलैत मी येते आहे, कायमची. आईच्या घराचं छप्पर होईल म्हणतात तोवर. मग तुझ्या-माझ्यात फक्त ती दगडी भिंत. आलासडेरसारखा नवरा गेल्यापासून इथे माझ्याशी गेलिक बोलणारं कोणी नाही. दुकानात, जिन्यात सगळं इंग्रजीच, आणि मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं.

वाच बाई. आणि लगेच कळव.

तुझी,
बेहाग


ब्रेनास्ता
३ एप्रिल

प्रिय बेहाग,

प्रती गोळा करायला दारोदार हिंडले. पहिल्या घरी कळलं की पुस्तक मेंढीने खाल्लं. दुसऱ्या घरीही मेंढीनेच. त्या आळीतल्या मेंढ्या भलत्याच सुशिक्षित दिसतात. एका पोरीने मला दोन पुठ्ठे आणून दिले, मधली पानं म्हणे वाऱ्याने गेली. माझा शेजारी मुर्डो, पंचांतलाच एक, सत्तरी ओलांडलेला ब्रह्मचारी, ज्याच्या घरात पोर असण्याचं काही कारणच नाही, तो पुतण्याच्या पोराची प्रत मांडीखाली दाबून म्हणाला, "लवकर आलीस गं ओयरिक. सहावं प्रकरण चाललंय. पुढच्या आठवड्यात ये." शेवटी पिशवीत होती माझी एकटीची प्रत.

मग बसले वाचायला. हो, बसून. हातात पेन्सिल, म्हटलं जिथे पाप दिसेल तिथे फुली. पहिल्या प्रकरणात समासात फुल्याच फुल्या. दुसऱ्यात जरा कमी. चौथ्यात पेन्सिल कुठे गेली ते कळलंच नाही, नंतर ती केसांत सापडली.

आता माझी फजिती ऐक. तू वाचलेलं नाहीस, म्हणून सांगते. (नाहीच ना वाचलेलं?) उना नावाची पोरगी धाकट्या भावाला सोडवायला टेकडीत शिरते. दार मिटू नये म्हणून चौकटीत लोखंडी खिळा ठोकून जाते. खिळा निसटायला लागतो, आतून नाचणाऱ्यांचा धक्का बसतोय, पोरीला काही पत्ता नाही, आणि माझा शनिवार संपला! पुढे शब्बाथ. पुस्तक पापाचं असेल तर वाचायचं नाही हे उघड आहे. पापाचं नसेल, तरी ते अजून ठरायचंय, म्हणजे तरीही नाही. अख्खा दिवस तो खिळा तसाच लोंबकळत राहिला. चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "द्वार अरुंद आहे," आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "खिळा!" कर्स्टाकने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खोकला काढला.

सोमवारी संपवलं. शेवटाबद्दल मी पत्रात भांडणार नाही, समोरासमोर भांडेन. पण भाषा! बेहाग, असली भाषा मी आपल्या आयांच्या पिढीनंतर ऐकली नव्हती. काही शब्द तर मी विसरूनच गेले होते, ते दारात येऊन उभे राहिल्यासारखे झाले. मला दोनदा चहा थांबवून डोळे पुसावे लागले.

आणि आता एक बारीकशी शंका. पान चाळीसवर राजपुत्र आपल्या मेंढ्यावर ओरडतो, "अर्ध्या विणलेल्या मोज्या, हो बाजूला!" जगात असं ओरडणारं एकच माणूस मला माहीत आहे, आपली डॉलिना मावशी, आणि तीही तिच्या त्या मारक्या मेंढ्यावर. पुस्तकावर भाषांतरकार म्हणून फक्त 'बी. एम.' छापलंय. बाई की बाप्या, कुठेच लिहिलेलं नाही. तू मात्र बिनदिक्कत 'ज्या बाईने' असं लिहिलंस.

सहज विचारलं हो.

ओयरिक


ग्लासगो
८ एप्रिल

ओयरिक,

चाळीसवरच पकडलंस होय? मला वाटलं होतं निदान साठपर्यंत निभेल.

हो, मीच. आलासडेर गेल्यावरच्या हिवाळ्यात सुरू केलं. नात ते इंग्रजीत वाचत बसली होती, म्हणाली, आजी, हे तुझ्या भाषेत सांग ना. एक पान सांगितलं. मग दुसरं. मग तिला कंटाळा आला, पण मला काही थांबवेना. दिवसभर टेबलाशी बसून मी त्या माणसांशी गेलिकमध्ये बोलत होते, आणि ती मला गेलिकमध्ये उत्तरं देत होती. वेडी झाले म्हणशील. होतेच जराशी.

तुला सांगितलं नाही, कारण तू संडे स्कूलवाली. मला भीती होती की तू तोंडभरून चांगलं म्हणशील आणि पुस्तक चिमट्याने धरून फडताळात वरती ठेवशील. तू ते न ओळखता वाचावंस, अशी फार इच्छा होती. अशा रीतीने वाचशील हे मात्र स्वप्नातही नव्हतं!

नावाचं म्हणशील तर, इंग्रजीत ते साधं 'टेकडीचा राजपुत्र' असं आहे. मी 'शीहे' केलं, कारण मावशी म्हणायची, त्यांना शांतीची माणसं म्हणा म्हणजे ती आपल्याला शांती देतील. यशया मला आठवलाच नाही. ग्लासगोत राहून बाई किती बिघडते बघ.

आता नीट ऐक. सभेत माझं नाव सांग. म्हणावं, बेहागने फसवलं, मला काही ठाऊक नव्हतं. ते खरंही आहे. मी लांब आहे, मला काय करतील? संडे स्कूल सोडू नकोस. माझ्या पुस्तकापायी तर मुळीच नको.

बेहाग


ब्रेनास्ता
२६ एप्रिल

प्रिय बेहाग,

तुला काय करतील म्हणतेस? जुलैत यायचंय ना तुला? मग दुकानात सगळे गप्प होतील, दुधाचं भांडं नासलं की तुझ्याकडे बघतील, तेवढं पुरे नाही का? मी तुझं नाव सांगितलेलं नाही. ऐक काय झालं ते, आणि या वेळी बसमध्ये वाचू नकोस.

पंच भिंतीलगत ओळीने बसलेले, सगळे काळ्या कोटात. पाळकसाहेब अध्यक्ष. मी मधोमध उभी. तोर्किल उठला. म्हणाला, "मी काही बोलत नाही, पुस्तकच बोलेल." त्याने विजारीचं पान काढलं, घसा साफ केला आणि वाचू लागला.

आता तोर्किलला मोठ्याने वाचणं ठाऊक आहे ते एकाच तऱ्हेचं. उभ्या जन्मात त्याने लोकांसमोर स्तोत्राखेरीज काही वाचलेलं नाही. सूर लागला की झालं. टेकडीतून बाहेर आलेला तो पाळक थंडीत कुडकुडत हाक मारतो, ती ओळ तोर्किलने लांबवून, शेवटी हेलकावा देऊन सोडली: "माझी विजार कोणी नेलीऽऽऽ?"

आणि बेहाग, सगळ्या पंचांनी ती उचलली! जन्माची सवय गं! कोणी ठरवलं नाही, कोणी विचार केला नाही. तोर्किलने ओळ दिली की मागून म्हणायची. डोळे मिटून, छाती भरून, अगदी भक्तिभावाने: "माझीऽ विजाऽर कोणीऽ नेलीऽऽऽ?" मुर्डोचा खर्ज तर खिडकीच्या काचेला जाणवला.

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. पाळकसाहेबांनी रुमालात तोंड घातलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत.

तोर्किलचा चेहरा बिटासारखा लाल. पुस्तक मिटायचं सोडून त्याने पान उलटलं, बहुतेक कुठेतरी तोंड लपवायला, आणि दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या. मग चार. शेवटी मुर्डोनेच विचारलं, "मग? सापडते का त्याला?"

तोर्किल भानावर आला आणि माझ्यावर घसरला. "हा बी. एम. कोण? तुला माहीत आहे?"

खोटं मला बोलता येत नाही. म्हटलं, "माहीत आहे. या खोलीतल्या कोणाहीपेक्षा तिची गेलिक चांगली आहे. नाव हवं असेल तर सांगेन. पण आधी तुम्ही प्रत्येकाने ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं, आणि नेमकं कुठलं पान वाईट ते मला दाखवायचं. मी न वाचता वाटलं, ही माझी चूक आणि ती मला मान्य आहे. तुम्ही न वाचता जाळाल, तर ती माझ्या चुकीची सख्खी बहीण होईल."

पाळकसाहेब म्हणाले, "न्याय्य आहे." पंच म्हणाले, वाचतो. पण तोवर संडे स्कूल कर्स्टाककडे.

या रविवारी मी मागच्या बाकावर बसले होते. पोरं आत गेली, दार लागलं. मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना. एवढंच लिहिते.

ओयरिक


ग्लासगो
३० एप्रिल

ओयरिक, माझे बाई,

विजारीपर्यंत हसले आणि बाकापाशी रडले. मीच लिहिते पंचांना. आणि जुलैचं आपण राहू देऊ. छप्पर काय, पुढच्या वर्षीही होईल. इंग्रजीतला पुढचा भागही आपल्या भाषेत करायचा का असं प्रकाशक विचारत होते, त्यांनाही नाही कळवते. माझ्यापायी तू मागच्या बाकावर बसावंस एवढं काही ते पुस्तक मोठं नाही.

बेहाग


ब्रेनास्ता
५ जून

प्रिय बेहाग,

प्रकाशकाला काही कळवलं असशील तर पळत जा आणि परत माग. पंचांना लिहिलं नाहीस ते बरं केलंस, आता कुठेही पत्र लिहू नकोस. नुसतं वाच.

पंचांचं वाचन पुरं व्हायला जळणासाठी पीटची माती कापायचा हंगाम उलटला. प्रती कुठून आणायच्या हा प्रश्न होता, पण मेंढ्यांनी खाल्लेली पुस्तकं रातोरात परत आली, वाऱ्याने नेलेली पानंसुद्धा. तोर्किल गोठ्यात बसून वाचायचा, कर्स्टाकला कळू नये म्हणून. कर्स्टाक लोण्याच्या खोलीत वाचायची, तोर्किलला कळू नये म्हणून. दोघांच्या खुणेच्या काड्या एकाच प्रतीत निघाल्या, तेव्हा त्या घरात जे झालं ते भिंतीपलीकडे ऐकू आलं. तिची काडी पुढे होती.

काल सभा झाली. मी विचारलं, कुठलं पान वाईट? एकाने जादूचं एक पान दाखवलं. दुसरा म्हणाला, त्या जादूने काम होतच नाही, खिळ्याने होतं. विजारीचा विषय कोणी काढला नाही. मग पाळकसाहेब उठले. म्हणाले, "या बेटावर येऊन मला दोन वर्षं झाली. मी इथे पहिल्यांदा हसलो तो मागच्या सभेत. मला घरी गेल्यासारखं वाटलं. पुस्तकातल्या पाळकाची टर उडाली म्हणून माझी बाजू घ्यायची कोणाला गरज नाही." बस, एवढंच. खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले.

निकाल असा. पुस्तकात दोष नाही, दोष नावात आहे. म्हणून प्रत्येक प्रतीवर 'टेकडीचा राजपुत्र' अशी पट्टी चिकटवायची. पट्ट्या कापल्या पाळकसाहेबांनी, खळ शिजवली कर्स्टाकने. संडे स्कूल मला परत, पण शिक्षेसकट. यापुढे बक्षिसाचं प्रत्येक पुस्तक वाटण्याआधी मी स्वतः शेवटपर्यंत वाचलं पाहिजे. मी मान खाली घालून शिक्षा पत्करली. वर ठेवली असती तर हसू दिसलं असतं.

मग तोर्किल म्हणाला, "आता नाव." शब्द दिला होता. सांगितलं. म्हटलं, बेहाग मॅकआयव्हर, जुलैत इथे राहायला येते आहे.

तोर्किल चिटणिसाकडे वळला आणि म्हणाला, "लिहून घे." मला वाटलं, संपलं. ठराव तुला शब्दशः उतरवून देते:

"सदर बेहाग मॅकआयव्हर हिने मंडळीपुढे हजर व्हावे, आणि धाकट्या भावास बाहेर ढकलून उना हिला टेकडीच्या आत राहू देऊन पुस्तक संपविल्याबद्दल खुलासा करावा. पुढच्या भागात मुलगी सुखरूप बाहेर येईपर्यंत सदर बाईने पुन्हा बेट सोडू नये."

सगळ्यांनी सह्या केल्या. तोर्किलची शेवटची. सही करून त्याने लेखणी ठेवली नाही, तशीच हातात धरून मला विचारलं, "जुलै म्हणालीस ना? त्याआधी नाही का तिला जमणार?"

ओयरिक